प्रार्थना सप्ताहातले सहा दिवस

हे लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझे वडील गवंडी आहेत, आई शेतात जाते आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. लिहायची सवय परीक्षेपुरती. पण मी क्षमा मागतो आहे ती भाषेसाठी नाही. या प्रवासाचा दीड पानांचा अहवाल मी परत आल्यावर लगेच आमच्या चर्चच्या तरुण संघाला दिला होता. तो वाचूनही दाखवला गेला. त्यात "दौरा आशीर्वादित झाला" असं एक वाक्य होतं. ते वाक्य खोटं होतं, आणि ज्यांनी ते ऐकून मान डोलावली त्यांच्यासाठी हे आता खरं लिहितो आहे.

यातली नावं बदलली आहेत. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांना विचारल्यावाचून लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. विचारलं. काय उत्तर आलं ते शेवटी येईलच.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. कॉलेजसाठी धुळ्याला आलो आणि वसतिगृहात राहू लागलो. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत प्रार्थना सप्ताह असतो, रोज संध्याकाळी एका घरी जमायचं. मोठ्या गावात पाळक असतात. पण लहान गावांत आपली पाच-सात घरं असतात आणि त्यांच्याकडे वर्ष-वर्ष कुणी फिरकत नाही. त्या घरांसाठी दरवर्षी आबा निघत. आबा म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय पासष्टच्या पुढे, पायात टायरच्या चपला. त्या वर्षी संघाने त्यांच्याबरोबर मला पाठवलं. मला फार आनंद झाला. दोनशे पानी वही घेतली आणि तीत "खरा शिष्य कसा असावा" या विषयावर पाच मुद्दे लिहून, प्रत्येकाखाली लाल शाईने रेघ मारली.

आबांच्या पिशवीत एक धोतर, टाळ, पवित्र शास्त्र आणि स्वतःचं ताट-तांब्या होता. एस.टी.त बसल्यावर त्यांनी माझी वही चाळली आणि परत दिली.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "माझा एकच नियम आहे. ज्या घरी उतरायचं त्या घरातलं एक काम आधी करायचं. मग बोलायचं."

"कोणतं काम?"

"घर सांगतं ते."

दोंडाईचा

दोंडाईच्याला उतरलो तेव्हा पहिल्यांदा शिंकलो तो मी, मग कंडक्टर, मग आबा. थंडीचे दिवस म्हणजे तिथे मिरचीचा हंगाम. गावाबाहेर मोकळ्या जागेवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या, दुरून पाहिलं तर कुणी लुगडी पसरली आहेत असं वाटावं. आमच्याकडे मिरची दोरीला दोन-चार माळांत टांगलेली असते. इथे ती जमिनीसारखी पसरलेली होती आणि बायका तिच्यातून वाट काढत चालत होत्या.

आम्ही नानांकडे उतरलो. नाना बाजारात मापाडी, म्हणजे मालाचं वजन करणारे. घरात ते, अक्का आणि त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी करुणा. ती दहावी झालेली, गल्लीतल्या मुलांची शिकवणी घ्यायची. संध्याकाळच्या प्रार्थनेला अठरा माणसं दोन खोल्यांत मावली. आबांनी टाळ धरला, भजन झालं, आणि मी माझा पहिला मुद्दा मांडला. दर दोन वाक्यांनी कुणीतरी शिंकत होतं. "आमेन" म्हणताना चौघे एकदम शिंकले, तेव्हा अक्का पदरात तोंड घालून हसत राहिल्या. जेवायला उडदाच्या डाळीचं घुटं, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. ठेच्याला मी नुसता हात लावला तरी नानांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"नगरना पाहुना शे," ते म्हणाले. "त्याले गूळ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नानांबरोबर बाजारात गेले. घराने मला सांगितलेलं काम होतं मिरच्यांची देठं खुडणं. व्यापाऱ्याची पोती घरी आणायची, देठं काढून परत द्यायची, हे काम तिथल्या बऱ्याच घरी चालतं. अक्कांनी माझ्या हाताला तेल चोळलं आणि बजावलं, "डोयाले हात लावू नको, भो." अर्धा तास मी फार सांभाळलं. मग करुणाने माझी वही उघडली.

"शिष्याला पाचच लक्षणं का?" तिने विचारलं.

"वेळ कमी असतो म्हणून पाच."

"यातलं तुम्हाला कितवं जमतं?"

मी विचार करू लागलो, आणि विचार करताना माणूस डोळे चोळतो. पुढचा पाव तास मी अंगणात वाकून उभा होतो. अक्का माझ्या डोळ्यांवर गार दुधाचा बोळा दाबत होत्या आणि मागून करुणा म्हणत होती, "पाच मुद्दे तोंडपाठ, आणि मिरचीचा हात डोळ्यात." मला राग आला नाही. आमच्या घरी माझ्याशी सगळे जपून बोलतात, कॉलेजात जातो म्हणून. इतक्या दिवसांत कुणी माझी थट्टा केली नव्हती.

मला नीट दिसू लागलं तेव्हा करुणाचं हसणं थांबलं होतं. ती पोत्याला टेकून एकाच जागी बघत होती. हातातली मिरची पडली आणि मग ती स्वतः पडली. हातपाय ताठ, दात आवळलेले. मी पाहतच राहिलो. आमच्या गावी अशा वेळी कुणीतरी चप्पल नाकाशी धरतं, कुणी कांदा फोडतं, दहा माणसं जमतात. अक्कांनी आधी दार लोटलं. मग तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा पदर सारला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. दोनेक मिनिटांत ताठलेलं अंग सैल झालं. करुणा डोळे मिटून पडून राहिली. अक्कांनी तिच्या अंगावर गोधडी टाकली आणि मला जवळ बसवलं.

"फिट येस तिले," त्या म्हणाल्या. "लहानपनपासून. धुयाना डॉक्टरन्या गोया चालू शेतस. आते दोन-तीन महिनाथून एखाद वेळ."

मी मान हलवली.

"धरणगावले तिनी सोयरिक जमी ऱ्हायनी. पोरगा चांगला शे. तारीख ठरावाले पाहुना येतीन, त्याना आगोदर आम्हीच तठे जासूत नि आमना तोंडथून बठ्ठं सांगसूत. काही लपाडानं नही आमले. पन आमना तोंडथून. समजनं ना?"

"हो, अक्का."

"म्हनीसन कोनले सांगू नको. प्रार्थना कर, पन मनमा कर. देवले मनमानं बी आयकू येस."

कुणाला सांगणार नाही, असं मी त्यांना वचन दिलं. मिरचीने डोळे अजून झोंबत होते, म्हणून त्यांना वाटलं असेल की मी रडतो आहे. थोडा रडतही होतो. आपल्यावर कुणीतरी इतका विश्वास ठेवला, याचा मला अभिमान वाटत होता. तो अभिमान किती मोठा होता हे मला त्या वेळी कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना करुणा दारापर्यंत आली. तिचा हात पदराखाली होता, जणू काही द्यायचं आहे. मग "डोळे सांभाळा" एवढं म्हणून ती आत गेली.

धरणगाव

तापीकाठच्या लायनीवरची पॅसेंजर गाडी प्रत्येक स्टेशनावर गप्पा मारायला थांबल्यासारखी थांबते. खिडकीतून कापसाची शेतं दिसत होती, वेचणी बरीच झालेली, तरी झाडांवर कुठे कुठे पांढरं राहिलेलं. धरणगावला तर विजेच्या तारांनाही कापूस लोंबत होता. जिनिंगकडे निघालेल्या बैलगाड्या इतक्या भरलेल्या की बैलाच्या पायांवर ढीगच चालत आहे असं वाटे. आबा स्टेशनपासून गावापर्यंत चालत निघाले, आणि चालताना वाटेत पडलेला कापूस उचलून खिशात घालू लागले.

"कशाला, आबा?"

"दिव्याच्या वाती. उतरायचं त्या घराशेजारच्या म्हातारीला लागतात."

मी सगळा प्रवासभर करुणाविषयी आबांना सांगावं की काय, असा विचार करत होतो. नाही सांगितलं. त्याबद्दल स्वतःला शाबासकीही दिली.

धरणगावला आम्ही मार्थाबाईंकडे उतरलो. त्या शाळेत शिक्षिका, विधवा, पन्नाशीच्या. शिस्तीच्या होत्या. त्यांच्याकडची सतरंजी इतकी सरळ घातलेली की पाय ठेवायला भीती वाटे. घरकाम काय आहे म्हणून आबांनी विचारलं, तर त्यांनी आम्हाला आधी चहा पाजला आणि मग पाण्याची टाकी घासायला दिली. आबा टाकीत उतरले, मी बाहेरून बादल्या ओतल्या.

संध्याकाळी पंचवीसेक माणसं आली. मी दुसरा मुद्दा मांडला. तो कुणापर्यंत पोचला नाही. एक गृहस्थ पेंगत होते, दोन बायका लग्नातल्या साड्यांविषयी कुजबुजत होत्या. मी घाईने आटोपलं. मला फार वाईट वाटलं.

मग प्रार्थनेचे विषय घेतले. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या सभेत शेवटी प्रत्येकजण आपला विषय सांगतो. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या मुलाची बदली व्हायची आहे. सगळ्यांचे विषय ऐकून एकजण सगळ्यांसाठी उभ्याने प्रार्थना करतो. मार्थाबाई म्हणाल्या, "आज प्रार्थना आपल्या कॉलेजच्या बंधूंनी करावी."

मी उभा राहिलो. गुडघा झाला, बदली झाली. आवाज कोरडाच येत होता. मला अधिवेशनात ऐकलेल्या वक्त्यांसारखी प्रार्थना करायची होती, ऐकता ऐकता लोकांच्या डोळ्यांतून पाणी येईल अशी. आणि मग मी म्हणालो, "प्रभू, दोंडाईच्यातल्या आमच्या एका बहिणीला तू आठव. तिला लहानपणापासून फिट येतात. काल माझ्या डोळ्यांसमोर ती कोसळली. तिचं लग्न ठरत आहे, बापा, तिच्या आईच्या मनाला किती घोर आहे हे तू जाणतोस."

मी नाव घेतलं नाही. तेवढी काळजी घेतली, आणि ती घेताना मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. धरणगावातच सोयरीक आहे, हे मी विसरलो होतो असं म्हणणं सोपं आहे. मी विसरलो नव्हतो. मला ते माहीत होतं आणि मी तिकडे पाहिलं नाही. माझा आवाज थरथरत होता आणि खोलीतलं पेंगणं थांबलं होतं. त्या क्षणी मला तेवढंच हवं होतं.

आमेन झालं. माणसांनी माझे हात हातात घेतले. पेंगणारे गृहस्थ म्हणाले, "फार सुंदर प्रार्थना. अगदी काळजातून." जेवताना मार्थाबाईंनी मला स्वतः वाढलं. सांजोरीवर तूप सोडता सोडता त्यांनी विचारलं, "दोंडाईच्याची म्हणजे मापाडी नानांची करुणा का?"

"मी नाव घेतलं नाही, बाई," मी म्हणालो.

त्यांनी तुपाची वाटी खाली ठेवली. "ती माझ्या भाच्याला सांगितलेली मुलगी आहे."

 आबा जेवता जेवता थांबले.

"बरं झालं कळलं," मार्थाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नाटक नव्हतं. "मला रोगाचं काही नाही वाटत. माझ्याच शाळेत आहे एक मुलगी तशी. पण हे आम्हाला तिऱ्हाइताकडून कळावं? त्यांना सांगायचंच नव्हतं की काय?"

"त्या सांगणार होत्या," मी म्हणालो. "त्या येऊन सांगणार होत्या."

"असं त्यांनी तुला सांगितलं?"

"हो."

"म्हणजे तुला सांगितलं. आम्हाला नाही."

 माझ्या पानातली सांजोरी तशीच राहिली. आमच्या घरी पानात टाकलेलं आई चालू देत नाही. मार्थाबाईंनी पान उचललं.

सकाळी आम्ही स्टेशनकडे निघालो. अर्ध्या वाटेत आबांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं ते?"

"अक्कांनी. तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा."

"मलाही तिनेच सांगितलं होतं," आबा म्हणाले. "सहा वर्षं झाली."

 वाटेत कापूस पडलेला होता. त्या दिवशी त्यांनी तो उचलला नाही.

रावेर

भुसावळला गाडी बदलून रावेरला गेलो. मी एरवी ज्या गावाविषयी चार पानं लिहिली असती ते हे गाव. उत्तरेला सातपुडा निळा, आणि त्याच्या पायथ्यापासून रस्त्यापर्यंत केळीच केळी. बागेत शिरलं की ऊन हिरवं होतं. पानांवरून दवाचं पाणी घरंगळून कॉलरमध्ये शिरतं. मी हे सगळं पाहिलं, पण परक्या माणसाच्या डोळ्यांनी पाहावं तसं.

आबांचे एक जुने विद्यार्थी तिथे शेती करतात, तुकाराम भाऊ. ते आपल्या मंडळीतले नाहीत. हिंदू, पाटील घराणं. पण आबा गावात आले की त्यांचं एक जेवण भाऊंकडे ठरलेलं. आम्ही पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊंच्या बागेत केळी कापणं चालू होतं. ट्रक रस्त्यावर उभा, माणसं घड खांद्यावरून आणून पानांच्या गादीवर ठेवत होती.

"मास्तर, तुम्ही बसा," भाऊ म्हणाले. "तुमचा चेला लागू दे कामाले."

मी तीन घड नेले. चौथा खांद्यावरून घसरून खाली पडला. घड तसाच हिरवागार, कुठे ओरखडाही नाही. मी उचलून ठेवणार तेवढ्यात भाऊंनी तो बाजूला काढला.

"काही झालं नाही त्याला," मी म्हणालो.

"आज दिसत नाई," भाऊ म्हणाले. "दिल्लीले पोचला की काया डाग पडते. तिथला व्यापारी मग सारा ट्रक चाळत बसते. याले गाईपुढे टाका."

ते मला रागावले नव्हते, काम सांगत होते. पण मी तिथेच खाली बसलो. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे पाहू लागले.

दुपारी भरीत झालं. कापसाच्या वाळक्या काड्यांवर पांढरट हिरवी वांगी भाजली, लाकडाच्या भांड्यात ठेचली, वर पातीचा कांदा, शेंगदाणे आणि तेलात तडतडलेल्या हिरव्या मिरच्या. बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, केळीच्या पानावर. मजूर, भाऊ, आबा, सगळे एकाच ओळीत मातीत बसून जेवत होते. भाऊंच्या आई वाढत होत्या. त्यांनी मला विचारलं, "भाऊ, जेवत काऊन नाई? तिखट झालं का?" मी हो म्हणालो. तेही खोटं होतं.

संध्याकाळच्या प्रार्थनेला चार घरं जमली. माझा तिसरा मुद्दा होता, शिष्य विश्वासू असतो. मी वही उघडली आणि आबांना म्हणालो, "आज तुम्हीच बोला." ते बोलले नाहीत. त्यांनी फक्त भजनं घेतली, एकामागून एक. मग प्रार्थनेचे विषय विचारले आणि ते सगळे गुडघ्यावर बसून मनातल्या मनात करायला लावले.  बाहेर ट्रक सुरू झाल्याचं ऐकू आलं.

परत दोंडाईचा

सहाव्या दिवशी सकाळी मी आबांना म्हणालो, "मी दोंडाईच्याला जातो. मार्थाबाईंचा निरोप जायच्या आत अक्कांना मीच सांगतो."

"जा," आबा म्हणाले. "मी येत नाही. हे दोघांचं काम नाही." मग त्यांनी माझ्या पिशवीत केळ्यांची फणी घातली. "हात हलवत जाऊ नकोस."

गाडीत मी वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. चाळीसगाववरून धुळं गाठता आलं असतं, पण मी मुद्दाम दोंडाईच्याचं तिकीट काढलं होतं. धरणगाव आलं तेव्हा खिडकी लावून घेतली. दोंडाईच्याला उतरलो तेव्हा दोन वाजले होते. मिरचीचा तोच वास. फलाटावरच्या बाकावर बसलो, थोडं पाणी पिऊन निघू म्हणून. नानांचं घर तिथून वीस मिनिटांच्या वाटेवर.

मी त्या बाकावर दोन तास बसलो. एका बाईने शेजारी पोतं ठेवलं आणि विचारलं, "कोठे जावानं शे, भाऊ?" मी म्हणालो, "धुळ्याला." तोंडातून ते आपोआप निघालं. निघाल्यावर मला ते खरं वाटू लागलं. त्या म्हणाल्या, "मंग आठे काय करी ऱ्हायना? यष्टी तिकडे शे." मी उठलो आणि त्यांनी दाखवलेल्या बाजूला चालू लागलो. केळ्यांची फणी बाकावरच राहिली. ती विसरली की ठेवली, हे मला आजही सांगता येत नाही.

वसतिगृहावर आल्यावर मी अहवाल लिहिला. तो कसा होता हे वर सांगितलं आहे.

महिनाभराने आबा धुळ्याला आले आणि त्यांच्याकडून कळलं की धरणगावकरांनी निरोप पाठवून सोयरीक मोडली. निरोपात रोगाविषयी एक शब्द नव्हता. "आपल्यावर विश्वास राहिला नाही" एवढंच होतं. म्हणजे अक्का आणि नाना, जे कधी खोटं बोलले नाहीत, ते माझ्यामुळे लपवाछपवी करणारे ठरले. मी नानांच्या घरापर्यंत गेलोच नव्हतो, हेही मी आबांना तेव्हा सांगितलं. ते बराच वेळ चपलेचा पट्टा नीट करत बसले. मग म्हणाले, "पत्र तरी लिही."

मी अक्कांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. सहा महिन्यांनी दुसरं लिहिलं. त्याचंही आलं नाही. मग एकामागून एक प्रार्थना सप्ताह गेले, गेल्या वर्षी बी.ए.ची शेवटची परीक्षा पास झालो, आणि त्यानंतर तिसरं पत्र लिहिलं, या वेळी तिघांच्याही नावाने. त्यात मी क्षमा मागितली नाही, ती आधी दोनदा मागून झाली होती. एवढंच विचारलं की झालं ते खरं खरं लिहून आपल्या लोकांना सांगू का, आणि नाही म्हटलं तर मी कुठेच एक अक्षर लिहिणार नाही.

चार आठवड्यांपूर्वी निळं अंतर्देशीय पत्र आलं. अक्षर अक्कांचं नव्हतं.

"लिहा," करुणाने लिहिलं होतं. "नावं बदला, पण ती माझ्यासाठी नकोत. मार्थाबाईंच्या घरच्यांसाठी बदला. तुमच्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही, कारण ती आईच्या नावाने होती. फिट मला येतात. आईने तुम्हाला सांगितलं तेव्हा मी गोधडीखाली जागी होते. तुम्ही वचन दिलं तेही मी ऐकलं. पण मला त्या दिवशी कुणी काहीच विचारलं नाही, आईनेही नाही. मी मार्थाबाईंच्या भाच्याला स्वतः पत्र लिहून ठेवलं होतं. सगळं लिहिलं होतं, गोळ्यांच्या नावासकट. तुम्ही निघालात तेव्हा ते माझ्या हातात होतं. तुमच्याबरोबर द्यावं की नाही, ते मला दारात ठरवता आलं नाही. द्यायला हवं होतं. म्हणजे तुम्हाला प्रार्थनेत सांगायला काही उरलं नसतं."

पुढे तिने लिहिलं होतं की ती आता बालवाडी चालवते, एकवीस मुलं आहेत, आणि एकदा वर्गात फिट आली तर एका मुलीने न घाबरता तिच्या डोक्याखाली आपलं दप्तर ठेवलं. "लग्नाचं म्हणाल तर अजून काही नाही. कृपा करून त्याच्यावर प्रार्थना करू नका." आणि मग, "पाचांपैकी कितवं जमलं, ते अजून तुम्ही सांगितलं नाही."

अंतर्देशीयाची दुमडायची कड उरली होती. तिथे बारीक अक्षरात चार ओळी होत्या.

"आणखी एक. हे आईला न विचारता लिहिते. बुधवारी आमच्याकडे बायकांची प्रार्थना असते. त्यात आई दर आठवड्याला एक विषय देते, एकदाही चुकवलेला नाही. म्हणते, 'एक पोरगं शे. त्यानं भलं व्हवू दे.' बायका विचारतात कोण, कुठला, त्याला काय झालंय. ती सांगत नाही. म्हणते, 'ज्याले सांगानं त्याले माहीत शे.' मी एकदा तुमचं नाव घेऊन विचारलं, तर मला म्हणाली, गप बस. धरणगावचा निरोप आला तो बुधवार होता. त्या दिवसापासून ती हे करते."